एकाच लॅपटॉपवर दोन गिटहब अकाउंट: कमिटवर नाव कोणाचं पडतंय?

ऑक्टोबर 2023मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन अकाउंट वापरायची सोय दिली. ड्युअल सिमचे फोन आपल्याकडे आधीपासूनच घरोघरी आहेत, एक नंबर घरचा आणि एक कामाचा. त्यामुळे त्या अपडेटचं फार नवल वाटलं नाही, उलट 'एवढा उशीर का लावला' असंच बऱ्याच जणांना वाटलं असेल. आता कुठला मेसेज कुठल्या नंबरवरून जातोय हे स्क्रीनवर समोर दिसतं.

कोड लिहिणाऱ्यांच्या लॅपटॉपवर मात्र हे असं दिसत नाही. गिट हे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि गिटहब ही तो कोड ऑनलाइन ठेवायची जागा. प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात आणि त्यावर एक नाव व एक ईमेल छापला जातो. गिटहबच्या वेबसाइटवर अकाउंट बदलायची सोय आहे, पण त्याचा तुमच्या लॅपटॉपवरच्या गिटशी काहीही संबंध नाही. ब्राउझरमध्ये तुम्ही स्वतःच्या अकाउंटवर असाल, आणि त्याच वेळी टर्मिनलमधून जाणारा कोड ऑफिसच्या नावाने जात असेल. गिट यावर काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही.

कॉलेज, इंटर्नशिप, फ्रीलान्स आणि पहिली नोकरी हे सगळं एकाच लॅपटॉपवर करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे प्रचंड आहे. गिटहबच्याच 2023च्या अहवालात भारतातल्या डेव्हलपरचा आकडा 1 कोटी 32 लाख दिला होता. त्यातले किती जण हे सेटिंग एकदा तरी तपासतात, मला शंका आहे.

हा प्रश्न आत्ताच का वाढला?

13 ऑगस्ट 2021 पर्यंत गिटहबवर कोड पाठवताना टर्मिनलमध्ये युजरनेम आणि पासवर्ड टाकून चालायचं. त्या दिवशी ते बंद झालं. त्यानंतर टोकन किंवा एसएसएच की लागते. सुरक्षेसाठी हे चांगलंच झालं, पण एक बारीक परिणाम झाला. पासवर्ड हाताने टाइप करताना आपण कोण म्हणून आत जातोय हे निदान डोक्यात यायचं. टोकन किंवा की एकदा सेव्ह केली की वर्षभर तिचा विचारही येत नाही.

मग 13 मार्च 2023 पासून गिटहबने कोड टाकणाऱ्यांना टू-फॅक्टर सक्तीचं करायला सुरुवात केली, टप्प्याटप्प्याने. म्हणजे प्रत्येक अकाउंट आता तुमच्या फोनला बांधलं गेलं. दोन अकाउंट असतील तर ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दोन नोंदी, रिकव्हरी कोडचे दोन संच.

तिसरी गोष्ट कंपन्यांच्या बाजूने आली. गिटहबमध्ये 'एंटरप्राइज मॅनेज्ड युजर्स' नावाचा प्रकार आहे. यात अकाउंट कंपनी तयार करते, कंपनीच बंद करते, आणि युजरनेमच्या शेवटी अंडरस्कोर लावून कंपनीचं छोटं नाव येतं. या अकाउंटवरून तुम्ही सार्वजनिक रेपो बनवू शकत नाही, कंपनीबाहेरच्या प्रोजेक्टला कोड देऊ शकत नाही. ओपन सोर्समध्ये काही करायचं असेल तर स्वतःचं अकाउंट वेगळं ठेवावंच लागतं. अशा ठिकाणी दोन अकाउंट ही हौस राहत नाही, गरज बनते.

याउलट, गिटहबचे नियम सामान्य माणसाला एकच मोफत अकाउंट देतात. त्यांच्या मदत-पानांवरही घर आणि काम दोन्हीसाठी एकच वैयक्तिक अकाउंट वापरा, त्याला दोन ईमेल जोडा, असंच सुचवलंय. माझंही मत हेच. तुम्ही विद्यार्थी असाल आणि 'कॉलेजसाठी एक, स्वतःसाठी एक' असा बेत असेल तर तो सोडा. तुमच्या प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन विनाकारण दोन जागी वाटले जातील. पण अकाउंट एक असो वा दोन, ईमेलचा प्रश्न सुटत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कोड कोणाचा, हा प्रश्न

2022 साल आठवतंय? 'मूनलाइटिंग' हा शब्द तेव्हा हिंजवडीतल्या चहाच्या टपरीवरही ऐकू येत होता. त्या सप्टेंबरमध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सांगितलं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या 300 कर्मचाऱ्यांना कंपनीने काढलं. इन्फोसिसनेही त्याच सुमारास कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून दुहेरी नोकरीबद्दल बजावलं. दुसऱ्या टोकाला, स्विगीने काही अटींवर बाहेरचं काम करायला परवानगी देणारं धोरण आणलं होतं. वाद बराच रंगला, मग नेहमीप्रमाणे विरला. नोकरीच्या करारातली कलमं मात्र तिथेच आहेत.

आणि कायदा त्याहून जुना आहे. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात, 1957च्या, संगणक प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो. याच कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक मालक-कंपनी असते, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. फ्रीलान्सिंग किंवा इंटर्नशिप असेल तर कागदावर नेमकं काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून असतं.

आता कल्पना करा. रविवारी घरी बसून तुम्ही स्वतःचं एक ॲप लिहिताय. नोकरीशी काही संबंध नाही. पण लॅपटॉपवरचं गिट ऑफिसच्या ईमेलवर सेट आहे, त्यामुळे ॲपच्या प्रत्येक कमिटवर कंपनीचा पत्ता छापला जातोय, तारीख-वेळेसकट. हा काही मालकीचा पुरावा नव्हे, कोर्ट एवढ्यावर निकाल देणार नाही. पण उद्या वाद झालाच तर समोरच्याच्या हातात पहिला कागद तुम्हीच दिलेला असेल.

उलट दिशेनेही होतं. आमच्या टीममध्ये एक मुलगा नवीन आला होता. आधीची इंटर्नशिप त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर केली होती आणि तोच लॅपटॉप सुरुवातीचे काही आठवडे आमच्याकडेही वापरत होता. त्याच्या गिटमध्ये जुन्या कंपनीचा ईमेल तसाच राहिला होता. आमच्या क्लायंटने कोडची तपासणी केली तेव्हा त्यांना एका अनोळखी कंपनीच्या पत्त्यावरचे कमिट दिसले. 'हे लोक कोण? यांना आमच्या कोडचा ॲक्सेस कोणी दिला?' असा मेल आला. कोड त्या मुलानेच लिहिला होता, त्यात कोणालाच शंका नव्हती. तरी हे लेखी स्पष्ट करण्यात मॅनेजरचा आणि त्याचा बराच वेळ गेला, आणि नवीन नोकरीत पहिल्याच महिन्यात त्या बिचाऱ्याची झोप उडाली ती वेगळीच.

नाव वेगळं, किल्ली वेगळी

हे असं का होतं ते समजलं की उपाय आपोआप कळतो. गिट आणि गिटहब यांच्यात दोन गोष्टी स्वतंत्रपणे चालतात. कमिटवरचं नाव-ईमेल हा नुसता मजकूर आहे. तुम्ही सेटिंगमध्ये जे लिहाल ते छापलं जातं, कोणी तपासत नाही. मी माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्याचा ईमेल टाकून कमिट केलं आणि तो ईमेल त्याच्या गिटहब अकाउंटला जोडलेला असला, तर गिटहब त्या कमिटशेजारी त्याचं नाव आणि फोटो दाखवेल. दुसरीकडे, कोड सर्व्हरवर पाठवताना दार उघडतं ते किल्लीने, म्हणजे टोकनने किंवा एसएसएच कीने. किल्ली एकाची आणि नाव दुसऱ्याचं, असं बिनबोभाट होऊ शकतं.

हे ऐकून 'किती ढिसाळ' असं वाटेल, पण त्याला इतिहास आहे. लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिल 2005मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या कामासाठी. तिथे लोक आपला बदल ईमेलने पाठवायचे आणि दुसराच कोणीतरी तो तपासून कोडमध्ये घ्यायचा. म्हणून कमिटमध्ये लिहिणारा आणि नोंदवणारा असे दोन वेगळे रकाने ठेवले, आणि दुसऱ्याचं नाव लिहिता येणं ही सोय म्हणूनच दिली. गिटहब तर त्यानंतर, 2008मध्ये आलं.

किल्लीची स्वतःची एक गंमत आहे. एकच एसएसएच की गिटहबवर दोन अकाउंटना जोडता येत नाही. दुसऱ्यांदा टाकलीत तर 'ही आधीच वापरात आहे' असा एरर येतो. कारण सरळ आहे: एसएसएचने जाताना सगळेच 'गिट' या एकाच युजरनेमने जातात, माणूस ओळखायचा तो फक्त किल्लीवरून. आता तुमच्याकडे दोन किल्ल्या असतील तर एसएसएच त्या एकेक करून पुढे करतं, आणि गिटहब ओळखीची जी पहिली मिळेल ती स्वीकारतं. ती चुकीच्या अकाउंटची निघाली तर रेपो डोळ्यांसमोर असूनही 'रेपॉझिटरी नॉट फाउंड' असा निरोप मिळतो. खाजगी रेपोबद्दल गिटहब 'परवानगी नाही' असं म्हणत नाही, 'असं काही नाहीच' म्हणतं. नवखी मुलं इथे लिंक तपासत तासभर घालवतात.

मी लावलेली मांडणी

मी अकाउंटनुसार विचार न करता फोल्डरनुसार करतो. लॅपटॉपवर दोन मोठे फोल्डर: एकाचं नाव 'ऑफिस', दुसऱ्याचं 'घर'. सगळे रेपो या दोनपैकी एकात, बाहेर एकही नाही.

गिटची मुख्य कॉन्फिग फाइल होम फोल्डरमध्ये असते. तिच्यात 'इन्क्लूडइफ' नावाचा विभाग लिहिता येतो: रेपो अमुक फोल्डरमध्ये असेल तर तमुक फाइलमधली सेटिंग्ज लाव. ही सोय 2017 पासून, म्हणजे 2.13 आवृत्तीपासून आहे. 'ऑफिस'साठी एक छोटी फाइल, 'घर'साठी दुसरी, आणि प्रत्येकीत आपापला ईमेल. यात लोक हमखास अडकतात ते फोल्डरच्या नावाच्या शेवटच्या स्लॅशवर. तो स्लॅश नसेल तर आतल्या रेपोंना नियम लागूच होत नाही, आणि एररही येत नाही.

त्याच छोट्या फाइलमध्ये 'कोअर' विभागात 'एसएसएच-कमांड' हे सेटिंग टाकून कुठली किल्ली वापरायची तेही सांगता येतं. सोबत 'आयडेंटिटीज-ओन्ली' हा पर्याय 'यस' ठेवायचा, म्हणजे एसएसएच इतर किल्ल्या पुढे करत बसत नाही. इंटरनेटवरच्या बहुतेक ट्युटोरियलमध्ये जुनी पद्धत सांगतात: एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबला दोन टोपणनावं द्यायची आणि क्लोन करताना लिंकमध्ये टोपणनाव घालायचं. ती चालते. पण साइटवरून कॉपी केलेली लिंक दर वेळी हाताने बदलावी लागते, आणि एका रेपोच्या आत दुसरा रेपो जोडलेला असेल तर त्याची लिंक टोपणनावाला जुमानत नाही. मला ती पद्धत आता आवडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग मात्र फारसं कोणी सांगत नाही. मुख्य फाइलमध्ये ईमेल लिहूच नका, आणि 'युजर' विभागात 'यूज-कॉन्फिग-ओन्ली' हे 'ट्रू' करा. मग दोन्ही फोल्डरच्या बाहेर चुकून रेपो बनवलात तर गिट अंदाजाने ईमेल ठरवणार नाही, कमिट करायलाच नकार देईल. चुकीच्या नावाने गुपचूप झालेल्या कमिटपेक्षा तोंडावर आलेला नकार केव्हाही परवडला.

खात्री करायला दोन गोष्टी. 'गिट कॉन्फिग'ला 'शो-ओरिजिन' हा पर्याय देऊन ईमेल विचारला की तो कुठल्या फाइलमधून आला तेही दिसतं. आणि टर्मिनलवरून एसएसएचने गिटहबला नुसतं जोडून पाहिलं तर ते 'हाय' म्हणून ज्या अकाउंटने ओळखलं त्याचं नाव सांगतं. फक्त एक ध्यानात ठेवा, फोल्डरच्या फाइलमधली किल्ली फक्त गिट वापरतं. नुसत्या एसएसएचला ती माहीत नसते, म्हणून या तपासणीत किल्लीची फाइल स्वतः सांगावी लागते. गिटहबचं स्वतःचं टर्मिनल टूल वापरत असाल तर डिसेंबर 2023च्या 2.40 आवृत्तीपासून त्यात अकाउंट बदलायची आज्ञा आली आहे. पण ती किल्लीपुरती. कमिटवरचा ईमेल ती बदलत नाही.

आपला खरा ईमेल जगाला दाखवायचा नसेल तर गिटहब प्रत्येकाला एक 'नो-रिप्लाय' पत्ता देतं. 'घर'च्या फाइलमध्ये मी तोच ठेवलाय. सार्वजनिक रेपोतल्या कमिटमधला ईमेल कोणीही वाचू शकतो, आणि स्पॅमवाले वाचतातच.

कॉलेजची लॅब

लॅबमधल्या कॉम्प्युटरबद्दल वेगळं सांगायला हवं. विंडोजवर एचटीटीपीएसने लॉगिन केलं की ते 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जपून ठेवलं जातं. तुम्ही निघून गेलात, पुढच्या बॅचचा मुलगा त्याच खुर्चीत बसला, की त्याचा कोड तुमच्या अकाउंटने पाठवायचा प्रयत्न होतो. त्याला 'परमिशन डिनाइड' आणि पुढे तुमचं युजरनेम दिसतं. हे झालं नशीब चांगलं असताना. त्याची नियत चांगली नसेल तर तुमचे सगळे रेपो त्याला उघडे आहेत. आमच्या कॉलेजात एका ग्रुपचा अख्खा फायनल इयर प्रोजेक्ट दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरच्या नावाने कमिट झाला होता, कारण त्या मशीनच्या गिटमध्ये त्याचंच नाव होतं. व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं, हा तुमच्या ग्रुपमध्ये कोण? कोणाला उत्तर देता आलं नाही.

लॅबमधून उठताना कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन गिटहबची नोंद काढून टाका. नाव आणि ईमेल फक्त त्या रेपोपुरता सेट करा, 'ग्लोबल' अजिबात नाही.

आणि फोन

टू-फॅक्टरमुळे लॅपटॉपचं हे सगळं आता फोनवर येऊन टेकलंय. फोन दुरुस्तीला देताना, विकताना किंवा फॅक्टरी रीसेट मारताना ऑथेंटिकेटर ॲपचा बॅकअप आहे का ते आधी पाहा. गिटहबने स्पष्ट लिहून ठेवलंय की टू-फॅक्टर आणि रिकव्हरीचे मार्ग दोन्ही गमावले तर त्यांची सपोर्ट टीम अकाउंट परत मिळवून देऊ शकत नाही. रिकव्हरी कोडचा स्क्रीनशॉट त्याच फोनच्या गॅलरीत ठेवणारे मी पाहिलेत. घराची चावी कुलूप लावून आतच ठेवण्यासारखं आहे ते. कागदावर छापा, घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. ऑफिसच्या अकाउंटचे कोड मात्र ऑफिसच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये.

चुकीच्या नावाने कमिट झालंच असेल तर

शेवटचंच कमिट असेल आणि अजून पाठवलं नसेल तर सोपं आहे. ईमेल दुरुस्त करून 'अमेंड'सोबत 'रिसेट-ऑथर' पर्याय द्या. पाठवून झालं असेल आणि रेपो फक्त तुमचा असेल, तर इतिहास पुन्हा लिहिता येतो. पण टीमचा रेपो असेल तर कोणालाही न विचारता इतिहास बदलू नका, सगळ्यांच्या प्रती बिघडतील. तिथे 'मेलमॅप' नावाची फाइल टाकता येते. गिटच्या यादीत मग योग्य नाव दिसतं, मूळ नोंद तशीच राहते. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत शेवटी हेच केलं.

सही करण्याचाही पर्याय आहे. गिटच्या 2.34 आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर 2021 पासून, एसएसएच कीनेच कमिटवर सही करता येते आणि ऑगस्ट 2022 पासून गिटहब त्यावर 'व्हेरिफाइड' असा शिक्का दाखवतं. दोन फोल्डर, दोन किल्ल्या असतील तर सहीही वेगळी ठेवता येते. पण शिक्क्यावर जास्त भरवसा नको. मार्च 2024मध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्वत्र असणाऱ्या लायब्ररीत चोरदार सापडलं. ते टाकणारं 'जिया टॅन' नावाचं अकाउंट दोनेक वर्षं नीट काम करून, विश्वास कमावून, देखभाल करणाऱ्यांत पोहोचलं होतं. त्यामागचा माणूस कोण, हे सही सांगू शकत नाही. किल्ली तीच आहे, एवढंच ती सांगते.

नोकरी सोडताना या सगळ्याचा उलटा प्रवास करावा लागतो, आणि लॅपटॉप परत करायच्या दिवशी घाई असतेच. आदल्या आठवड्यात स्वतःच्या गिटहब अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपनीच्या लॅपटॉपवरची की आणि टोकन काढा. कंपनीचा ईमेल अकाउंटला प्राथमिक म्हणून लावला असेल तर तो आधी बदला, नाहीतर पासवर्ड रीसेटचा मेल अशा इनबॉक्समध्ये जाईल जो तुमच्यासाठी बंद झालाय. लॅपटॉप स्वतःचा असेल तर 'ऑफिस' फोल्डर, त्याची छोटी कॉन्फिग फाइल आणि त्याची किल्ली, तिन्ही उडवा.